नऊ मार्चचं रीळ

१

लेस्याने कपाटातला डबा उचलला आणि तिचा चेहरा पडला. आयला कोस्केलाने तो पडताना पाहिला. चौतीस वर्षं पोर्ट अलार्डच्या कोर्टात लघुलेखिका म्हणून बसून तिने माणसांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचा चेहरा काय सांगतो, हे तिला आपसूक कळायचं.

"हलका लागतोय," लेस्या म्हणाली. तिने झाकण काढलं. आत रीळ नव्हतं.

डब्यावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं : ९ मार्च १९८४, सकाळचे फोन.

टेबलाच्या अलीकडे ओर्लीन पेल्टिए बसली होती. चर्चला जाताना घालायचा निळा कोट तिने आज बुधवार असूनही घातला होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिला रिकामा डबा दिसला नाही. ती तशीच, हात मांडीवर ठेवून, कान देऊन बसली होती.

"लागतंय का गं?" तिने विचारलं.

मग आयलाने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि सांगितलं.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या नऊ मार्चला ओर्लीनचा वाढदिवस होता. तिचा एकुलता एक मुलगा रेमी तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो हेरॉन बेटावर लाकूडतोडीच्या तळावर कामाला होता. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "मामाँ, उद्या सव्वाआठला रेडिओ लावून बस." गावच्या 'नऊ-ऐंशी' रेडिओ स्टेशनवर पहाटेपासून लोकांचे फोन रिळावर घेऊन ठेवायचे आणि सव्वाआठला वाढदिवसाच्या शुभेच्छा एकामागून एक लावायचे, अशी रीत होती. ओर्लीन सव्वाआठला बसली. शुभेच्छा लागल्याच नाहीत. बातमी लागली, की खाडीच्या बर्फावरून बेटाकडे निघालेली एक गाडी बर्फ फुटून बुडाली. गाडीत रेमी होता.

चौकशीत ठरलं, की बर्फावरचा रस्ता बंद झाल्याचं रेडिओने सात वाजून दहा मिनिटांनी सांगितलं होतं. रेमी साडेसातला बर्फावर उतरला. गाडीत रेडिओ होता. म्हणजे पोरगा ऐकून सवरून मस्तीत गेला. गाव तेच म्हणालं, आणि पुढे ओर्लीनही तेच म्हणू लागली.

पण त्याने रिळावर सोडलेला आवाज कुठेतरी असेल, हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पंचवीस वर्षं ती स्टेशनात विचारत राहिली आणि स्टेशन सांगत राहिलं, की ते रीळ हरवलं. आता शुक्रवारी स्टेशनच बंद होणार होतं. मॅनेजर लेस्या बोहाचुक जुनी रिळं गावच्या संग्रहालयासाठी लावत होती. सोमवारी कपाटाच्या तळाशी तिला हा डबा सापडला आणि तिने आपण होऊन ओर्लीनला फोन केला.

"सोमवारी रीळ होतं," लेस्या म्हणाली. "मी झाकण उघडून पाहिलंय. काल जुन्या मंडळींना निरोपाचा चहा होता. मी त्यांना सांगितलं, की बुधवारी मिसेस पेल्टिएंना ऐकवणार आहे. माझंच चुकलं."

ती बाहेर जाऊन फोन करून आली. "पोलिसांना कळवलंस?" आयलाने विचारलं.

"कळवलं. बंद पडणाऱ्या स्टेशनातलं एक रीळ, असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं." लेस्याने दाराकडे पाहिलं. "कपाटाची किल्ली त्या दाराआड खिळ्याला असते, मिसेस कोस्केला. काल आलेल्यांत ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती. गॉर्ड आणि सिल्व्हियो. आणि तिसरी मी."

२

ओर्लीनला घरी सोडताना आयलाने गाडी सरोवराच्या कडेने घेतली. कोळशाच्या जुन्या धक्क्यावर सिमेंटचा अवाढव्य स्टर्जन मासा शेपटी वर करून उभा होता. पोर्ट अलार्डमध्ये कुणालाही पत्ता सांगायचा तर या माशापासूनच सुरुवात होते.

"आलो का माशापाशी?" ओर्लीनने विचारलं. "रेमी असता तर पोट धरून हसला असता. त्याच्या नशिबी नव्हता हा मासा." मग जरा थांबून म्हणाली, "आयला, मला त्या पोराचा इतका राग येतो ना. आईच्या वाढदिवसाला कुणी असं करतं का?"

दोघींची घरं शेजारी, मधे एक कुंपण. पंचवीस वर्षं आयला हे ऐकत आली होती.

दुपारी ती पुन्हा स्टेशनात गेली. गॉर्ड ड्रमंड स्टुडिओतल्या भिंतीवरचे फोटो उतरवत होता. एकेचाळीस वर्षं त्याच्या आवाजाने गाव जागं झालं होतं. शाळा बंद, रस्ते बंद, कुत्रं हरवलं, बाळ झालं, सगळं गॉर्डच्या तोंडून. गावातलं दुसरं स्टेशन केव्हाच उपग्रहावरून गाणी वाजवू लागलं होतं. तिथे माणूसच नव्हता.

"तू आलीस म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं म्हणायचं," तो म्हणाला.

"रीळ तू घेतलंस का, गॉर्ड?"

"नाही."

एवढंच. ना शपथा, ना स्पष्टीकरण. खोटं बोलणारी माणसं लांबण लावतात, हे आयलाला माहीत होतं. पण तिने रस्ता बंद झाल्याच्या घोषणेचा विषय काढला आणि गॉर्डची तऱ्हा बदलली.

"सात दहाला वाचलं मी. मग पंचवीसला. मग वीस कमी आठला. अगदी आज वाचल्यासारखं आठवतंय. बाहेर वारा होता, हातात कॉफी होती, कागदाचा रंग पिवळा होता." त्याने एक फोटो उगीचच सरळ केला. "रेमीने फोन केला होता हे खरं. आईला शुभेच्छा. बाकी काही आठवत नाही."

पंचवीस वर्षांपूर्वीच्या कागदाचा रंग आठवतो आणि पोराचं बोलणं आठवत नाही. आयलाने हे मनात टिपून ठेवलं.

सिल्व्हियो मारांगोनी स्टेशनचा जुना तंत्रज्ञ. बायको गेल्यापासून घराच्या तळघरातच राहतो असं म्हटलं तरी चालेल. तिथे जुनी रेडिओ यंत्रं, तारा, आणि घरी केलेल्या वाइनच्या बाटल्या. तिला बसायला खुर्ची देऊन तो परत कामाला लागला. रिळं वाजवायचं मोठं यंत्र उघडून तो रिळाची पट्टी जिथे घासत जाते ती जागा कापसाच्या बोळ्याने पुसत होता. कापूस तपकिरी होत होता.

"गंज का?"

"म्हातारपण," तो म्हणाला. "त्याचंही आणि माझंही. ते रीळ ना? गेलं असेल कचऱ्यात. काल चहाला काय गर्दी होती. बिचाऱ्या ओर्लीनला मिळायला हवं होतं. पोरगं शुभेच्छा देता देता मधेच स्वतःला हसलं होतं, 'बॉन फेत' म्हणताना. फ्रेंच बोलायची लाज वाटायची त्याला."

"तू ऐकलंयस ते?"

बोळा यंत्रावरच थांबला. "छे. कधीच नाही. मी तर तेव्हापासून हरवलंच समजत होतो. कुणीतरी सांगितलं असेल."

आयला जिना चढून वर आली. दारात तिने मागे वळून पाहिलं, तर सिल्व्हियो कापसाचे बोळे गोळा करून खिशात कोंबत होता.

३

गुरुवारी सकाळी ओर्लीनचा फोन आला. "आयला, ये. माझ्या पत्रपेटीत काहीतरी आलंय."

साधं पाकीट होतं. तिकीट नाही, नाव नाही. आत एक कॅसेट. स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप शिजत होतं. ओर्लीनने हात पुसले, चाचपडत जुना कॅसेट वाजवायचा डबा पुढे ओढला आणि म्हणाली, "तो असेल तर मला आधी सांगू नकोस. मी ओळखीन."

आयलाने बटण दाबलं. खरखर झाली. मग तरुण गॉर्डचा आवाज आला, गुळगुळीत, घाई नसलेला.

"सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मंडळी, नगरपालिकेकडून निरोप आहे. मोठ्या स्टर्जनमागून हेरॉन बेटाकडे जाणारा बर्फावरचा रस्ता आजपासून बंद. पुन्हा सांगतो, रस्ता बंद. घरच्यांना सांगा."

मग एक गाणं सुरू झालं आणि कॅसेट संपली.

ओर्लीनने डब्यावरून हात फिरवला. "तो नाही," ती म्हणाली. "पण बघ, सांगितलं होतं त्यांनी. धडधडीत सांगितलं होतं. कुणीतरी मला दाखवायला पाठवलंय, की म्हातारे, रीळ शोधू नकोस, दोष तुझ्याच पोराचा आहे."

"कोण पाठवेल असं?"

"कुणी का पाठवेना. खोटं तर नाही ना ते?"

आयलाला घोषणा पुन्हा ऐकायची होती. तिने ती तीनदा ऐकली, आणि तिसऱ्या वेळी ती मधेच थांबवली. ओर्लीनच्या हाती सुपाची पळी देऊन ती म्हणाली, "मी आलेच," आणि कोट न घालताच बाहेर पडली.

४

आयलाने कोर्टातल्या नोंदींच्या आपल्या वह्या कधी टाकल्या नव्हत्या. टंकलेल्या प्रती सरकारजमा व्हायच्या. लघुलिपीतल्या वह्या कुणालाच नको होत्या, त्या तिने तळघरात रचून ठेवल्या होत्या. ऑक्टोबर १९८४ ची वही मिळायला अर्धा तास लागला.

रेमी पेल्टिएच्या मृत्यूची चौकशी. चौकशी करणाऱ्या कॉरोनरसमोर स्टेशनने पुरावा म्हणून एक कॅसेट वाजवली होती. तिने ती उतरवून घेतली होती. अक्षर तिचंच होतं. मोठ्या स्टर्जनमागून हेरॉन बेटाकडे जाणारा रस्ता.

ती वही घेऊन धक्क्यावर गेली. माशाच्या पोटाखाली पितळी पाटी आहे. ती गावातलं कुणीच वाचत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की मासा कायमचाच आहे. आयलाने बर्फ खरवडून ती वाचली. नगराच्या शताब्दीनिमित्त, १ जुलै १९८४.

रेमी मार्चमध्ये गेला. मार्चमध्ये इथे मासा नव्हता. तेव्हा या जागेला गाव कोळशाचा धक्का म्हणायचं. मार्चच्या सकाळी गॉर्डने ही घोषणा केली असती, तर त्याच्या तोंडून धक्का आला असता. ही घोषणा मासा उभा राहिल्यानंतर केली होती, चौकशीच्या आधी, कॅसेटवर, कुणी ऐकत नसताना. सात दहाला रेडिओवर काहीही सांगितलं गेलं नव्हतं.

आणि ऑक्टोबरात त्या खोलीत बसलेल्या कुणाच्याही कानाला ते खटकलं नाही. तीन महिन्यांत सगळ्यांच्याच तोंडी मासा बसला होता. कॉरोनरच्या, वकिलाच्या, पंचांच्या. गावात कुणी म्हणालं आम्ही घोषणा ऐकली, कुणी म्हणालं नाही ऐकली. कॅसेट वाजली आणि वाद मिटला. आयलाचं तर कामच होतं शब्द ऐकण्याचं. तिने तो शब्द ऐकला, नीट लिहिला, खाली तारीख घातली आणि घरी जाऊन जेवली. समोरच्या बाकावर ओर्लीन बसली होती, तेव्हा तिचे केस अजून काळे होते.

वाऱ्याने वहीची पानं फडफडत होती. आयलाने वहीत पुढे पाहिलं. सिल्व्हियो मारांगोनीची साक्ष. त्या सकाळी सहापासून नऊपर्यंत तो टेकडीवर मनोऱ्यापाशी होता. प्रसारणाचं यंत्र दुरुस्त करत होता. त्याने रेडिओ ऐकला नाही. स्टेशनात कुणाचे फोन आले, त्याला माहीत नाही. मागाहूनही त्याने काही ऐकलं नाही.

मग पोरगं 'बॉन फेत' म्हणताना मधेच हसलं, हे त्याला कुणी सांगितलं? फोन घेताना स्टेशनात गॉर्ड एकटा होता, आणि ते रीळ कधी लागलंच नाही. रेमीचं ते हसू ऐकलेला माणूस जगात एकच होता. दुसरा झाला असेल, तर तो याच आठवड्यात झाला होता.

५

सिल्व्हियोने दार उघडलं आणि तिच्या हातातली वही पाहिली. काही न बोलता तो जिना उतरला. ती मागोमाग गेली.

"रीळ दे, सिल्व्हियो."

त्याने टेबलाचा खण उघडला. आत एक रीळ होतं, पण त्यावरची पट्टी ठिकठिकाणी पारदर्शक झाली होती, सापाच्या कातीसारखी. खणाच्या तळाशी तपकिरी भुकटी पसरली होती.

"मी पुसलं नाही," तो म्हणाला. "मेरीमातेची आण, पुसायला नव्हतं आणलं. मला फक्त तेवढं वाक्य कापायचं होतं."

"कुठलं वाक्य?"

"गॉर्डचं. शुभेच्छा देऊन झाल्यावर पोराने विचारलं, मिस्टर ड्रमंड, बेटाचा रस्ता कसा आहे आज? गॉर्ड म्हणाला, लोखंडासारखा आहे रे, जा बिनधास्त. तेवढं कापलं असतं, आणि मागचं पोराचं बोलणं जोडून गुपचूप परत ठेवलं असतं. ओर्लीनला तिचा मुलगा मिळाला असता आणि गॉर्डला त्याचं म्हातारपण. दोघंही सुखी." तो खुर्चीत बसला. "एकदाच ऐकलं मी. नीट लागलं. मग कापायची जागा धरायला मागे घेतलं, तर पट्टी चिकटायला लागली. मी थांबवलं, तरी सुटेना. पंचवीस वर्षं त्या कपाटात ओल होती. वरचा थर सगळा यंत्राला लागून निघून आला. आवाज त्या थरातच असतो, आयला. पट्टी म्हणजे नुसतं प्लास्टिक."

"भट्टीत तापवून वाचवतात म्हणे अशी रिळं."

"वाजवायच्या आधी. नंतर काय तापवायचं?" त्याने खिशातून कापसाचे बोळे काढून टेबलावर ठेवले. "पोरगं इथे आहे बघ. मी टाकूही शकत नाही."

"आणि ती कॅसेट? पत्रपेटीतली?"

"मीच टाकली. वाटलं, एकदा ऐकलं की ती शोध सोडेल." त्याने मान खाली घातली. "ऑक्टोबरात ती बनवलीही मीच. गॉर्ड रडत होता. मला वाटलं, मेलेला पोरगा तर परत येत नाही, निदान जिवंत माणूस तरी वाचेल."

आयला चिडायला आली होती. पण पाहते तर सत्तरीचा एक माणूस कापसाचे बोळे ओळीने मांडत होता, आणि रागवायचं कुणावर हेच तिला कळेना. घरी येऊन तिने, चौकशी पुन्हा उघडता येईल का हे विचारायला, कोर्टात फोन लावला. तिथल्या बाईने नोंद पाहून सांगितलं, की कॉरोनर वारले, चौकशीतले पुरावे वीस वर्षांनी नष्ट करतात, आणि लघुलिपीतली वही हा पुरावा धरला जात नाही. अर्ज करायचा असेल तर करा. किती दिवस लागतील? ते मी सांगू शकत नाही, मॅडम.

६

"सिल्व्हियोने?" गॉर्ड म्हणाला. तो स्टेशनच्या पायरीवर बसला होता. "मूर्ख माणूस. तो डबा कपाटात मीच ठेवला होता, सगळ्यात खाली. त्याने चौऱ्याऐंशी सालीच जाळायला सांगितलं होतं. मी जाळतो म्हणालो आणि ठेवून दिला."

"का?"

"कुणीतरी कधीतरी ऐकेल म्हणून. मला स्वतःहून सांगायचं धैर्य नव्हतं. लेस्याने मंगळवारी सांगितलं तेव्हा वाटलं, चला, सुटलो. ओर्लीन ऐकेल, मग मला काही बोलावंच लागणार नाही."

"मग मला काल कागदाचा रंग काय सांगत होतास?"

"पंचवीस वर्षं पाठ केलेलं तोंडातून येतंच."

मग त्याने सांगितलं. आदल्या रात्री गावच्या हॉकी संघाने सामना जिंकला होता आणि पहाटेपासून फोन थांबत नव्हते. सहा चाळीसला रेमीचा आला. तोवर रस्ता उघडाच होता. गॉर्डने जे माहीत होतं तेच सांगितलं. सहा पन्नासला नगरपालिकेचा फोन आला, की रात्रीत वारा फिरलाय, बर्फ सुटतोय, रस्ता बंद. त्याने पिवळ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, कॉफीचा पेला वर ठेवला आणि हॉकीचा पुढचा फोन घेतला.

"आठ वाजता पेला उचलला," तो म्हणाला. "दोन ओळी होत्या, आयला. वाचायला दहा सेकंदं लागली नसती. एकेचाळीस वर्षं मी या गावाला काय काय वाचून दाखवलं."

"उद्या शेवटचा कार्यक्रम आहे तुझा."

"हो."

"गावाने तुझ्याच तोंडून ऐकलं होतं की चूक पोराची. तुझ्याच तोंडून दुसरं ऐकू दे."

"बारा वाजता बंद होतंय," तो सरोवराकडे पाहत म्हणाला. "पाच कमी बाराला सांगतो. तिला रेडिओ लावून बसायला सांग."

७

शुक्रवारी आयला वेलदोड्याचा गोड पाव घेऊन ओर्लीनकडे गेली. काय ऐकायचंय ते तिने सांगितलं नाही. ते सांगणं गॉर्डचं होतं. "रेमीबद्दल आहे," एवढंच म्हणाली. ओर्लीनने निळा कोट पुन्हा घातला होता, घरातल्या घरात.

साडेअकरापर्यंत गॉर्ड लोकांचे फोन घेत होता. कुणी आभार मानत होतं, कुणी जुन्या वादळाची आठवण काढत होतं. मग तो म्हणाला, "मंडळी, जाण्यापूर्वी मला एका आईशी बोलायचंय. खरं तर पाच कमीला बोलणार होतो, पण राहवत नाही. नऊ मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी. त्या सकाळी मी—"

आवाज तुटला. क्षणभर काहीच नव्हतं. मग एका बाईचा गोड आवाज, कुठल्या तरी दूरच्या शहरातला, सुप्रभात म्हणाला आणि गाणं सुरू झालं.

आयलाने बटण फिरवून पाहिलं. मग स्टेशनला फोन लावला. पलीकडे लेस्या जवळजवळ रडत होती. "कंपनीने टोरांटोहून प्रसारण बदललं. बारा म्हणाले होते, अर्धा तास आधीच बदललं. इथून मला काही करता येत नाही, मिसेस कोस्केला. तो अजून माईकसमोर बोलतोय. त्याला माहीतच नाही."

ओर्लीन गाणं ऐकत बसली होती. "झालं का?" तिने विचारलं. "रेमीबद्दल होतं ना?"

आयला स्वतः सांगायला तोंड उघडत होती, पण तिला शब्द सापडेनात. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचेच लिहिले होते. ती रेडिओ बंद करून ओर्लीनशेजारी बसली. चहा गार झाला.

पाऊण तासाने दार वाजलं. गॉर्ड होता. टोपी हातात, बुटांवर बर्फ. आपला आवाज बाहेर गेलाच नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो आत आला, बसला नाही, आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, रस्त्याचा प्रश्न, आपलं उत्तर, पिवळा कागद, हॉकी, खोटी कॅसेट. मग रीळ, आणि सिल्व्हियोच्या हातून ते कसं गेलं. काही लपवलं नाही. रेडिओवर असतो तसा त्याचा आवाज नव्हता. कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा होता.

तो थांबला तेव्हा ओर्लीन म्हणाली, "परत सांगा. फोनवर तो काय म्हणाला?"

"बॉन फेत, मामाँ, म्हणाला. मधे हसला."

"ते नाही. नंतरचं."

"विचारलं, की मिस्टर ड्रमंड, बेटाचा रस्ता कसा आहे आज."

"विचारलं?"

"हो."

"म्हणजे त्याने विचारलं होतं," ओर्लीन म्हणाली. ती हे गॉर्डशी बोलत नव्हती, आयलाशीही नाही. "निघायच्या आधी विचारलं होतं त्याने."

गॉर्ड म्हणाला, "मिसेस पेल्टिए, मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल तिथे जाऊन बोलतो. चर्चमध्ये, वर्तमानपत्रात..."

ओर्लीनने ऐकलं की नाही कोण जाणे. तिचे हात टेबलावर काहीतरी शोधत होते आणि तिथे काहीच नव्हतं. "पंचवीस वर्षं," ती म्हणाली, "रोज सकाळी उठून मी त्या पोराला रागावले. त्याच्या थडग्यापुढे उभी राहूनसुद्धा रागावले. शहाणा होता गं तो, आयला. विचारून निघाला होता."

आयलाने तिचे हात धरले. गॉर्ड टोपी हातात घेऊन उभाच राहिला. ओर्लीनने त्याला बसायलाही सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही.